आपण कुणाच्या वरच्या अंगाला राहतो?

शाळा सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले होते. पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका मराठी शाळेत, नववीच्या वर्गात, भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर एक ओळ लिहिली : ‘आज शाळेच्या नळाला आलेलं पाणी काल कुठं होतं?’ भराभर हात वर झाले. गच्चीवरच्या टाकीत. त्याच्या आधी? पर्वतीच्या जलकेंद्रात. त्याच्या आधी? खडकवासल्यात. आणि त्याच्याही आधी? आता हात खाली आले. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “ढगात.”

कुणी हसलं नाही, कारण बाकीच्यांच्या मनातही तेच होतं. मोठ्या माणसांना विचारून पाहा, उत्तर फारसं वेगळं येत नाही. पाणी ढगात असतं, मग धरणात येतं, मग नळात. बाईंनी फळ्याच्या एका कोपऱ्यात ढग काढला, दुसऱ्या कोपऱ्यात धरणाची भिंत काढली आणि मधली सगळी जागा रिकामी सोडली. “या रिकाम्या जागेत काय आहे, ते आपल्याला यंदा शोधायचंय,” त्या म्हणाल्या.

त्या रिकाम्या जागेला, म्हणजे जिथला पाऊस वाहत धरणात येतो त्या सगळ्या जमिनीला, पुस्तकात ‘पाणलोट क्षेत्र’ म्हणतात. मी त्या वर्गाबरोबर जूनपासून सप्टेंबरपर्यंत जमेल तशी हिंडले, ती त्या रिकाम्या जागेसाठीच. बाईंना स्वतःचं आणि शाळेचं नाव छापून यायला नको होतं, म्हणून ते इथे नाही.

आपल्याकडे पाण्याचं शिक्षण नाही असं म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करायला सांगितलं आणि 2003 मध्ये ते पुन्हा बजावलं. राज्य मंडळाच्या नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ नावाचा विषयच आहे, अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’. विषय पुस्तकात आहे. अडचण वेळेची आणि वजनाची आहे. श्रेणीचा विषय टक्क्यांत धरत नाहीत, म्हणून दिवाळीनंतर त्याचे तास गणिताकडे आणि विज्ञानाकडे जातात. प्रकल्पवही स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या तयार चित्रांनी भरते. ‘पाणी वाचवा’ या विषयावर चित्रकला स्पर्धा होते आणि प्रत्येक कागदावर एक नळ आणि एक थेंब असतो.

दात घासताना नळ बंद करा, हे मुलांना सांगायलाच हवं. माझी तक्रार एवढीच आहे, की आपला धडा तोटीपाशी सुरू होतो आणि तोटीपाशीच संपतो. नळ बंद करणाऱ्या मुलाला तो नळ कोणत्या डोंगरावर उगवतो ते ठाऊक नसतं. त्याच्या बेसिनमधून गेलेलं पाणी कोणत्या गावाच्या विहिरीपर्यंत पोचतं, तेही ठाऊक नसतं. आणि हे ठाऊक नसलेली मुलं उद्या आर्किटेक्ट होतात, नगरसेवक होतात, डोंगरावर प्लॉट घेतात.

बाईंनी सुरुवात आकड्यांनी केली, पण आकडे मुलांकडूनच काढून घेतले. पुण्याचं बहुतेक पाणी चार धरणांतून येतं. मुठा नदीवर टेमघर, मोसे नदीवर वरसगाव, आंबी नदीवर पानशेत, आणि हे सगळं पाणी खाली जिथं येतं ते खडकवासला. चारही धरणं काठोकाठ भरली तर उपयुक्त साठा होतो 29.15 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं वरसगावचं 12.82, पानशेतचं 10.65, टेमघरचं 3.71 आणि खडकवासल्याचं अवघं 1.97. हा शेवटचा आकडा ऐकून मुलं चमकली. पुणेकर ज्याला ‘आपलं धरण’ म्हणतो, रविवारी ज्याच्या काठावर भजी आणि कणीस खायला जातो, ते चौघांत सगळ्यात लहान. ते खरं तर शेवटचा हौद आहे. पुण्याचं पाणी साठतं ते त्याच्याही मागे, जिथं आपल्यापैकी फार थोडे जातात.

मग छपराचं गणित झालं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं. एवढं एक सूत्र हातात आलं की मूल कुठल्याही पावसाशी बोलू शकतं. वर्गाचं छप्पर मुलांनी टेपने मोजलं, 50 चौरस मीटर भरलं. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे छपरावर 35 हजार लिटर. हेच छप्पर उचलून टेमघरला नेऊन ठेवलं तर? तिथं पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे दीड लाख लिटर. अंतर पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. सह्याद्रीच्या धारेजवळ पाऊस ढिगाने पडतो आणि पूर्वेला सरकता सरकता आटत जातो. त्या धारेच्या कुशीतल्या तीन खोऱ्यांवर आपलं शहर जगतं. हे त्या दिवशी मुलांनी स्वतःच्या वहीत, स्वतःच्या छपरावरून काढलं. ते वाचून पाठ केलेल्या वाक्यासारखं पुसलं जाणार नाही.

पुण्याला हा दूरच्या डोंगरावरून पाणी आणण्याचा धडा नवा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या डोंगराखाली तलाव बांधले गेले आणि तिथून दगडी बांधकामाच्या झाकलेल्या नळातून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आलं. त्या नळावर ठरावीक अंतराने उभारलेले उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर जाण्याची दगडी धुराडी, आजही शहरात काही ठिकाणी उभी दिसतात. बाईंनी एका शनिवारी मुलांना त्यातला एक उच्छ्वास दाखवला आणि तिथून पुढे आंबिल ओढ्याच्या काठाने चालवलं. कात्रजच्या टेकड्यांवर पडलेलं पाणी या ओढ्याने मुठेला मिळतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री याच ओढ्याला लोंढा आला, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. मुलांपैकी तिघा-चौघांच्या घरात त्या रात्री पाणी शिरलं होतं. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असतील. एकाला आईने त्याला माळ्यावर बसवलं होतं तेवढं आठवत होतं. ओढ्याचं पात्र कुठं किती अरुंद झालंय, कुठं त्याच्यात राडारोडा टाकलाय, कुठं त्याच्यावर स्लॅब आलाय, हे ती मुलं पावलांनी मोजत चालली. वर टेकडी फोडली आणि खाली पात्र आवळलं, की पावसाला दोष देऊन भागत नाही. हे त्यांना सांगावं लागलं नाही.

पाणलोटाचा गाभा मात्र मला दाखवला तो तीन बाटल्यांनी. प्रयोग साधा आहे, कुठल्याही शाळेला जमेल. पाण्याच्या दोन लिटरच्या तीन बाटल्या आडव्या धरून वरची बाजू कापून टाकायची. तिन्हींत सारखी माती भरायची. पहिलीतल्या मातीवर आठ दिवस आधी पेरलेलं हळीव किंवा गवत वाढलेलं असावं, दुसरीत मातीवर नुसता पालापाचोळा पसरावा, तिसरीत उघडी माती. तिन्ही बाटल्या बाकावर थोड्या उतरत्या ठेवायच्या, तोंडाखाली एकेक काचेचा ग्लास. मग झारीने तिन्हींवर सारखंच पाणी घालायचं.

उघड्या मातीच्या ग्लासात पाणी लगेच आलं आणि चहासारखं आलं. पाचोळ्याच्या ग्लासात जरा थांबून आलं, फिकट. गवताच्या ग्लासात बराच वेळ काहीच येईना. मुलं वाकून वाकून बघत होती. मग थेंब पडू लागले, जवळजवळ नितळ, आणि तास संपून मधली सुट्टी झाली तरी पडतच राहिले. बाईंनी काही समजावलं नाही. तिन्ही ग्लास दिवसभर खिडकीत राहू दिले. शाळा सुटताना उघड्या मातीच्या ग्लासात तळाशी बोटभर गाळ बसला होता. “हा गाळ खडकवासल्यात बसतो,” एवढंच त्या म्हणाल्या.

सगळा विषय त्या तीन ग्लासांत आहे. झाडोरा असलेला डोंगर पाऊस झेलतो, मुरवतो आणि महिनोन् महिने ओढ्याने सोडत राहतो. उघडा डोंगर पाऊस एकदम खाली टाकतो, मातीसकट. मग पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई, दोन्ही एकाच डोंगरावरून येतात. धरणात गाळ बसला की तेवढी पाण्याची जागा जाते. जलकेंद्रावर गढूळ पाणी आलं की तुरटी जास्त लागते, गाळण्या जास्त वेळा धुवाव्या लागतात, क्लोरिनची मात्रा वाढवावी लागते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक गढूळपणाला एक एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजण्याचं एकक) मोकळेपणाने परवानगी देतं, दुसरा स्रोतच नसेल तर पाचपर्यंत. वर कुणी डोंगर कापला की खाली त्याचा खर्च पाणीपट्टीत येतो.

ऑगस्टमधल्या एका रविवारी बस निघाली. बहुतेक शाळांची सहल वॉटर पार्कला जाते. या वर्गाने पालकांना पत्र लिहून पानशेतला जाण्याची परवानगी मागितली. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, मग खडकवासल्याची चौपाटी. पहिला थांबा तिथंच. मुलांजवळ पाच लहान काचेच्या बाटल्या होत्या. तळाशी औषधाची पट्टी असलेली ही बाटली ठरलेल्या खुणेपर्यंत पाण्याने भरायची, झाकण लावायचं आणि एक-दोन दिवस उबेत ठेवायची. विष्ठेतले जंतू पाण्यात असले तर बाटली काळी पडते. ग्रामपंचायतींच्या पाणीतपासणीत ती सर्रास वापरतात. पहिली बाटली चौपाटीच्या काठावर भरली. काठावर कणसाची बुरखुंडं होती, चहाचे कागदी कप होते, निर्माल्याची एक पिशवी होती. एक मुलगी बाईंना हळूच म्हणाली, “मागच्या रविवारी आम्हीपण इथं कणीस खाल्लं होतं.”

डोणजे, खानापूर मागे टाकत रस्ता जलाशयाच्या काठाने जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला प्लॉटिंगचे फलक. ‘लेक व्ह्यू’, ‘सह्याद्रीच्या कुशीत’. डोंगराच्या उतारावर मुरमाचे तांबडे ओरखडे, त्यांच्या टोकाला फार्महाऊस. बाईंनी मुलांना रस्त्याच्या कडेने दिसणारे तांबडे ओरखडे मोजायला सांगितलं. पानशेत येईपर्यंत मोजदाद चाळिशीच्या पुढे गेली आणि मग मुलांनी मोजणं सोडून दिलं. प्रत्येक ओरखडा म्हणजे तिसऱ्या बाटलीतली उघडी माती, हे आता वेगळं सांगावं लागत नव्हतं. भोवतालच्या गावांची वस्ती वाढली, हॉटेलं वाढली, पण मैलापाण्याची सोय त्या मानाने झाली नाही. बरंचसं सांडपाणी ओढ्यांनी जलाशयातच उतरतं. पलीकडच्या मोसे खोऱ्यात, वरसगावच्या पाण्याच्या काठावर, डोंगरउतारावर लवासा हे अख्खं शहरच वसवायला घेतलं होतं. पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर 2010 मध्ये परवानगीच्या मुद्द्यावर त्याचं बांधकाम थांबवलं आणि वर्षभराने अटी घालून परवानगी दिली. त्या वादात कायदा, राजकारण, पैसा सगळ्यावर चर्चा झाली. ‘हे पाणी पुण्याच्या शाळेतली मुलं पितात’ हे वाक्य मला त्या चर्चेत फार कमी वेळा ऐकू आलं.

पानशेतच्या भिंतीपाशी पाऊस आला. मुलं छत्र्या न उघडता उभी राहिली. हीच ती भिंत, जी बांधकाम पूर्ण होण्याआधीच 12 जुलै 1961 ला फुटली आणि तिच्या लोंढ्याने खाली खडकवासल्याची ब्रिटिश अमदानीतली दगडी भिंतही फोडली. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. दोघा-तिघांच्या पणजी-पणजोबांनी तो पूर पाहिला होता. घरोघर पानशेत म्हणजे पूर; पानशेत म्हणजे एक गाव, एक खोरं, तिथं माणसं, हे त्या घरांत कुणी सांगितलं नव्हतं.

ती माणसं पुढच्या वाडीवर भेटली. भातलावणी होऊन गेली होती, खाचरं हिरवी होती. एका घराच्या पडवीत बसलेल्या आजोबांना मुलांनी विचारलं, “आजोबा, तुमचं गाव हेच का?” त्यांनी हाताने जलाशयाकडे दाखवलं. “ते तिकडं. पान्याखाली. माझ्या आज्याची खाचरं बी तिथंच.” मग ते वाडीमागच्या ओढ्याबद्दल बोलले. “ह्यो वढा आदी शिमग्यापातूर वाहायचा. आता दिवाळी झाली की गप.” का, असं मुलांनी विचारलं तेव्हा त्यांनी बोटावर मोजून सांगितलं : वरचं रान विकलं गेलं, त्यात जेसीबीने रस्ता काढला, दर उन्हाळ्यात वणवा लागतो, गवत जळालं की चांगलं फुटतं म्हणून काही लोक मुद्दाम लावतात, काही वेळा हिंडायला आलेल्यांची विडी-काडी पडते. उन्हाळ्यात त्यांच्या वाडीला पाण्याचा टँकर लागतो. चौपाटीवर कणीस खाल्ल्याचं सांगणाऱ्या मुलीला हे पटेना. “समोर एवढं धरण असताना?” आजोबा म्हणाले, “धरण खाली, वाडी वर. पानी वर चढत न्हाई, बाळ.”

मी इतकी वर्षं पाण्यावर लिहिते. पुण्याच्या पाण्याबद्दल यापेक्षा नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही. ज्यांची जमीन गेली, ज्यांच्या डोंगरावर आपण झाडं राखायला सांगतो, वणवा लावू नका म्हणतो, म्हशी ओढ्यात नेऊ नका म्हणतो, त्यांच्या हंड्यात आपण काय घातलं? पाणलोट राखायचं तर तिथल्या माणसाला राखल्याशिवाय ते होणार नाही. शाळेतल्या पाठात डोंगर असतो, झाड असतं, बांध असतो. माणूस बहुधा नसतो, आणि असला तर तो ‘अतिक्रमण करणारा’ असतो. मावळातला हा शेतकरी आपल्या पाण्याचा राखणदार आहे आणि त्याची राखण फुकट घेऊन चालणार नाही. हे मुलांच्या पुस्तकात यायला हवं, असं मी आग्रहाने म्हणेन.

दुसरी बाटली वाडीच्या खाली ओढ्यात भरली. तिसरी वाडीच्या वर, जिथं पाणी खडकावरून नितळ उतरत होतं आणि जिथं मुलांना ओंजळीने प्यायचा मोह झाला, तिथं. चौथी परतताना शहरात, नदीपात्राच्या पुलाखाली. पाचवी शाळेच्या नळाची. पाचही बाटल्या शिक्षकखोलीतल्या कपाटावर, जुन्या शालीत गुंडाळून ठेवल्या.

सोमवारी सकाळी पुलाखालची बाटली शाईसारखी काळी झाली होती. चौपाटीची आणि वाडीखालचीही काळी होती. नळाची तशीच राहिली, आणि मंगळवारीही तशीच होती. वाडीवरच्या नितळ ओढ्याची बाटली मंगळवारी संध्याकाळी काळवंडली. मुलांना हे सगळ्यात अवघड गेलं. वर तर कुणीच राहत नाही! बाईंनी त्यांना आठवायला लावलं, तेव्हा एकाला शेण आठवलं, एकाला वानरं. दिसायला स्वच्छ आणि प्यायला शुद्ध यांत फरक असतो, आणि म्हणून डोंगर राखूनही जलकेंद्र लागतंच. दोन्ही मिळून पाणी होतं, एकावर विसंबून भागत नाही.

भागत नाही म्हणजे काय, ते पुण्याने 2025 च्या जानेवारीत पाहिलं. सिंहगड रस्त्याच्या टोकाला नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार पसरला. शहर आणि परिसर मिळून दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले. पायांतली ताकद जायची, काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागलं. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो. यांतली नांदेड आणि किरकटवाडी ही गावं 2021 मध्ये महापालिकेत आली, पण तिथलं पाणी मोठ्या विहिरीतून, नुसतं क्लोरिन घालून घरोघर जात होतं. पर्वतीसारख्या पूर्ण शुद्धीकरणातून नाही. आपली बस त्याच नांदेड गावावरून गेली होती. धरणाच्या इतकं जवळ राहणाऱ्यांना पूर्ण शुद्ध न केलेलं पाणी मिळत होतं. वाडीवर टँकर, नांदेडला विहीर. धरणाच्या सावलीत राहणाऱ्यांची ही दोन उदाहरणं एका दिवसाच्या प्रवासात दिसली.

गणपतीच्या सुट्टीनंतर बाईंनी पुन्हा फळ्यावर चित्र काढलं. या वेळी एका कोपऱ्यात शाळेचं बेसिन, दुसऱ्या कोपऱ्यात समुद्र. “बेसिनमधून पाणी कुठं जातं?” गटारात. मग? नदीत. मग? “समुद्रात,” चार-पाच मुलं एकदम म्हणाली. पुन्हा तशीच मोठी उडी, पुन्हा मधली जागा रिकामी.

तेव्हा खिडकीजवळची एक मुलगी उठून उभी राहिली. तिचं गाव करमाळा तालुक्यातलं, वडील पुण्यात रिक्षा चालवतात. “बाई, आमच्या मामांच्या गावाला उजनीचं पाणी येतं. उन्हाळ्यात ते हिरवं होतं. वास येतो. जनावरंसुद्धा तोंड लावत नाहीत. मामा जारचं पाणी विकत घेतात.” मग जरा थांबून म्हणाली, “मामी म्हणते, हे पुण्याचं पाणी आहे.”

वर्गात कुणी बोललं नाही. बाईंनी नकाशा लावला. मुठा आणि मुळा संगमावर एकत्र येतात. मुळामुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. भीमा दौंडवरून उजनीत जाते. 1980 साली पूर्ण झालेलं हे धरण एकूण 117 टीएमसीचं आहे, पुण्याच्या चारही धरणांच्या जवळजवळ चौपट. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं मैलापाणी, शुद्ध झालेलं आणि न झालेलं, उद्योगांचं पाणी, सगळं तिथं साचतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसतं, म्हणून ते हिरवं होतं. सोलापूर शहर त्याच पाण्यावर जगतं. आणि उजनीच्या खाली पंढरपूर आहे. पुण्यातून दरवर्षी पालखी जाते, वारकरी ज्या चंद्रभागेत अंघोळ करतात ती हीच भीमा, आणि त्या पाण्यात आपल्या संडासाचं आणि बेसिनचं पाणी असतं. मुळामुठा शुद्ध करण्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या साहाय्याने 990 कोटींचा प्रकल्प मंजूर होऊन दहाएक वर्षं झाली. माझ्या मते या शहराच्या सगळ्या मोठ्या कामांत पहिला मान या कामाला मिळायला हवा होता. पूल, मेट्रो, नदीकाठची सजावट, सगळ्याच्या आधी.

त्या वर्गात हे काही कुणी म्हटलं नाही. ‘ढगात’ म्हणणारा मागच्या बाकावरचा मुलगा नकाशाकडे बघत म्हणाला, “म्हणजे आपण त्यांच्या वरच्या अंगाला आहोत.” आपल्याला जे वाडीवरचे आजोबा, तेच करमाळ्याच्या मामांना आपण. पुणे हे खडकवासल्याच्या खालचं शहर म्हणून आपल्याला माहीत होतं. ते उजनीचं पाणलोट क्षेत्रही आहे. जो नियम आपण डोंगरातल्या वाडीला लावतो, पाणी घाण करू नका, उतार उघडा करू नका, तोच आपल्याला कर्वे रस्त्यावर आणि कोथरूडला लागू होतो. चौदा वर्षांच्या मुलाला हे कळतं. त्याला ते वेळेवर कळू द्यायचं की नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

वरच्या आणि खालच्या अंगाचं हे नातं दुसरीकडे जुळवलेलं आहे. न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी दोनशे किलोमीटरपर्यंत दूर असलेल्या कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतल्या जलाशयांतून येतं, आणि ते गाळणीच्या प्रकल्पातून न नेता वापरतात, कारण 1997 मध्ये शहराने वरच्या खोऱ्यांशी करार केला. शेतकऱ्याने ओढ्याकाठी गुरं सोडू नयेत, शेण नीट साठवावं, यासाठी लागणारा पैसा शहर देतं. तिथं शहरातला एक वर्ग आणि वरच्या खोऱ्यातला एक वर्ग यांची जोडी लावून देतात. मुलं एकमेकांना पत्रं लिहितात, एकमेकांकडे जातात. ही जोडी लावायला कुणाचा कोट्यवधींचा निधी लागत नाही.

बाईंनी ती लावली आहे. पानशेतच्या खोऱ्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेशी. दोन्ही शाळांनी बाटली कापून, पट्टी चिकटवून पर्जन्यमापक केलाय. दर शनिवारी पोस्टकार्ड जातं आणि येतं. सप्टेंबरच्या एका शनिवारी वरून आलेल्या कार्डावर पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘आमच्याकडे काल 61 मिमी. तुमच्याकडे किती?’ पुण्याच्या वर्गाने उत्तर लिहिलं : ‘4. पण तुमचे 61 आम्हाला पुढच्या महिन्यात मिळतील.’

फळ्यावरची दुसरी रिकामी जागा अजून तशीच आहे. हा अंक इंदापूर, करमाळा, माढा, पंढरपूर, सोलापूर इथल्या एखाद्या शिक्षकाच्या हाती पडला, तर त्यांनी या अंकाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकावं, आपल्या शाळेचं नाव आणि आपल्या गावाला पाणी कुठून येतं तेवढं लिहून. मी ते कार्ड बाईंकडे पोचतं करीन. नववीचा वर्ग वाट पाहतो आहे.